पोट पोरीचं, सही कोणाची

रिठदच्या आमच्या घरातून माझ्या सहीशिवाय एकही कागद बाहेर पडला नाही. चौथीपर्यंतच शिकली मी, पण भागिरथा हे नाव काना-वेलांटी न चुकवता लिहिते. रेशनचा कागद, वावराचा कागद, धाकट्या धम्मपालच्या नोकरीचे कागद, सगळे माझ्या हाताखालून गेले. मोठा देवमन मोटरपंपाच्या तारेले चिकटून गेला, तई पंचनाम्यावर बी मीच सही केली. जमादार म्हणे, "बुढे, हात थरथरून राह्यला तुहा, अंगठा दे." मी म्हटलं, "अंगठा तुह्या घरी माग. इथी सही भेटते."

त्यामुळे वाशिमच्या दवाखान्यात डॉक्टरीण बाईनं कागद काढला, तसा मी पेनासाठी हात पुढे केला. तिनं पेन दिला नाही.

आधी काय झालं ते सांगते. सोयाबीनची सोंगणी चालू होती. माझी नात स्नेहा, देवमनची पोरगी, बारावीत आहे. रविवार म्हणून वावरात आली होती. अर्धा तास सोंगलं अन् विळा टाकून पोट धरून खाली बसली. महिनाभरापासून पोट दुखते म्हणत होती. मी ओवा देत होती, बेंबीले हिंग लावत होती अन् वरून म्हणत होती की बाईच्या जातीचं पोट दुखतेच, त्याचा एवढा गाजावाजा कायले. त्या दिवशी तिच्या कपाळाले हात लावला तर बर्फासारखा घाम. शेजारची मेहरबी, गावोगाव बांगड्या भरते, तिले संगं घेतलं अन् जीपनं रिसोड गाठलं. तिथल्या सोनोग्राफीवाल्यानं पोटावरून यंत्र फिरवलं, माझ्याशी एक शब्द बोलला नाही, चिठ्ठी लिहिली अन् म्हणे, वाशिमले न्या, आजच्या आज.

वाशिमची डॉक्टरीण म्हणजे नाजिश मॅडम. असंल तिशीतली. रिसोडच्या कापडवाल्या वहाब शेठची पोरगी, हे मी आडनावावरूनच ओळखलं.

"तुह्या बापाच्या दुकानातून पंचवीस वर्षं लुगडी घेऊन राह्यली मी," मी म्हटलं. "पेन दे."

"देते आजी. आधी मुलीशी बोलू द्या."

"तिच्याशी काय बोलतं? मले सांग. लेकरू आहे ते."

"पोट तिचं आहे ना," मॅडम म्हणे. मग माझ्याकडे पाठच केली म्हणा ना. चिठ्ठीच्या मागच्या बाजूले पेनानं चित्र काढलं. बाईच्या पोटात दोन अंडाशयं असतात, एक इकडे, एक तिकडे. स्नेहाच्या डाव्या अंडाशयावर गाठ झाली होती, मोसंबीहून मोठी. ती गाठ फिरली तर आत पीळ पडते अन् मग घाई होते. म्हणून दोन दिवसांत काढायची. काढताना अंडाशय वाचवायचं पाहू, नाही वाचलं तर ते बी काढावं लागन. दुसरं चांगलं आहे. एकावर बी पोरं होतात.

मी मधात बोलली. "हे सगळं तिच्यासमोर काहून सांगून राह्यली? तरणी पोरगी. उद्या गावात फुटलं म्हणजे?"

"आजी, मीच आहे ना ती," स्नेहा म्हणे. पोट धरूनच बोलत होती. "मॅडम, किती मोठा काप पडंल?"

मॅडमनं बोटानं दाखवला. स्नेहानं मान हलवली, जशी परीक्षेत प्रश्न कळल्यावर हलवते तशी.

मग सहीचा कागद आला. मॅडमनं विचारलं, "हिचे वडील?"

"गेले."

"आई?"

"मेली समजा."

"समजून चालत नाही आजी. कागदावर लिहायचं आहे."

"मेली नाही मॅडम," स्नेहा बोलली. "मानोऱ्याकडे राहते. मले टाकून दुसरं घर केलं तिनं."

बारा वर्षांपासून कोणी बी विचारलं की पोरगी हे असंच, एका दमात, पाठ केल्यासारखं सांगायची. पाठ मीच करून घेतलं होतं.

मॅडमनं पेन खाली ठेवला. मले समजावून सांगू लागली, आवाज न चढवता. अठरा पूर्ण नसतील तर पालकाची सही लागते. बाप नसला तर आईची. आईनं दुसरं लग्न केलं तरी कायद्यानं आई ती आईच. आजीनं वाढवलं, खाऊ-पिऊ घातलं, ते सगळं खरं, पण आई हयात अन् एका दिवसाच्या वाटेवर असताना आजीची सही या ऑपरेशनले चालत नाही. "जिवावर बेतलं तर मी कोणाच्याच सहीची वाट पाहणार नाही," ती म्हणे. "पण आज आपल्याकडे दोन दिवस आहेत. तर आईला आणा."

"अठराची झाली ती," मी म्हटलं.

मॅडमनं आधार कार्ड माझ्यासमोर धरलं. "एक जुलै. अजून नऊ महिने कमी आहेत."

"ते खोटं आहे. पोरगी सोंगणीच्या दिवसांत झाली. महिना झाला अठरा भरून."

"मग एक जुलै कोणी लिहिलं?"

आता काय सांगावं. धम्मपालले पोलीस भरतीत बावीस दिवस वय जास्त झालं म्हणून मैदानातून परत पाठवला होता. पोरगा तीन दिवस जेवला नाही. त्याच वर्षी स्नेहाले पहिलीत घालायचं होतं. गोपीचंद गुरुजी तसे अर्ध्या वर्गाले एक जुलैच लिहीत, कोणाच्या घरी तारीख माहीत असते. मले विचारलं, "भागिरथाबाई, साल कोणतं टाकू?" मी म्हटलं, "पुढचं टाका. पोरीले नोकरीत कामी येईन." केवढी हुशारी वाटली होती तई. गावात दहा जणींले सांगतलं होतं.

मॅडमनं ऐकून घेतलं. हसली नाही. "तेव्हा वय दहा महिने कमी लिहिलं नसतं," म्हणे, "तर आज हा पेन मी स्नेहाच्याच हातात दिला असता. तुमची बी सही लागली नसती, तिच्या आईची बी नाही."

बाहेर आली तर मेहरबी बाकावर बसली होती. सगळं ऐकलं होतं तिनं, दाराले कान लावल्याशिवाय ती राहत नाही.

"घे," म्हणे, "भरतीसाठी वाचवले ना दहा महिने? आता खर्च कर."

"तोंड बंद ठेव मेहरबी."

"मी ठेवते. पर जाना तो तुझेच पडेगा. मेरी सही चलती होती तर मी दिली असती."

भीती काय होती तेवढी सांगून टाकते. सही करायले तिची माय रंजीता आली, म्हणजे पोरीच्या आयुष्यात आली. आली म्हणजे बोलन. बोलली म्हणजे पोरीले कळन की मायनं तिले टाकलं नव्हतं. मी ठेवून घेतलं होतं. रंजीताच्या भावानं तिचं दुसरं लग्न जमवलं, तई मी विहारात बाया जमवून मोठ्यानं म्हटलं होतं की आपल्यात विधवेनं लग्न केलं तर त्यात लाज नाही. अन् घरी येऊन तिले म्हटलं होतं, "तू जा, पोरगी इथीच राहन. फाटकात पाय ठेवला तर पोरीसमोर तुही इज्जत काढीन." देवमन गेल्यावर त्याचं म्हणून माझ्याजवळ ते एवढंसं लेकरूच उरलं होतं. दोन वेळा रंजीता आली, दोन्ही वेळा मी फाटकातून परत पाठवली. दुसऱ्या वेळी स्नेहा घरात झोपली होती.

सकाळी मेहरबीले पोरीजवळ बसवलं अन् मी मानोऱ्याची एसटी धरली. निघताना स्नेहा खाटेवरून म्हणे, "आजी, तिथी भांडू नको. दुखून राह्यलं मले."

एवढंच म्हणे.

रंजीताचं गाव मानोऱ्याच्या पुढे, फाट्यावरून पायी. अंगणात सोयाबीनची रास होती अन् ती सूप घेऊन उधळत होती. डोक्यावर कुटाराची, भुशाची धूळ. चोवीसची पोरगी गेली होती, छत्तिशीची बाई उभी होती. मले पाहून सूप हातातच राहिलं तिचं. पदर सावरून पाया पडायले आली. मी पाय मागे घेतले नाहीत, तेवढंच.

"स्नेहा?" तिनं विचारलं.

"जिती आहे. पोटात गाठ आहे, ऑपरेशन करा लागते. वाशिमले ठेवली. तुही सही पाह्यजे."

"माही?"

"कायदा म्हणते. मी नाही म्हणून राह्यली."

तिचा नवरा जगदेव पोते शिवत होता. सुई तशीच धरून बोलला, "बारा वर्षं फाटकात उभं राहू दिलं नाही तू इले. आता कायद्यानं आणलं काय बुढे तुले इथपर्यंत?"

"तुमी चूप राहा जी," रंजीता म्हणे.

"राहतो. पण पाणी तरी पेते का नाही, तेवढं विचार तुह्या सासूले."

सासू म्हटलं त्यानं मले. मी तयारी करून आली होती. ती अट घालन, पोरगी द्या म्हणन, चार लोकांसमोर मले बोलन, तर मी काय उलट बोलू ते एसटीत जुळवत आली होती. तिनं सूप खाली ठेवलं. हौदावर हात धुतले, तोंड धुतलं, पेटीतून आधार काढलं अन् त्याच लुगड्यात फाट्याकडे चालू लागली. मले मागे धावा लागलं.

"हळू चाल ना वं. मी काय पोट्टी आहे?"

"एसटी जाईन आत्याबाई."

बारा वर्षांनी आत्याबाई ऐकलं. मी पदरानं तोंड पुसलं, धूळ लय होती.

एसटीत मंगरूळपीर येईपर्यंत ती खिडकीबाहेर पाहत बसली. मग एकदम विचारू लागली. उंच झाली काय? माझ्याएवढी की जास्त? भाकर पातळ खाते की जाड? लहानपणी तिले अंधाराचा भेव वाटायचा, अजून वाटते काय? केस कोण विंचरते? मी सांगत गेली. आपल्याजवळचं सामान कोणी एक-एक करून उचलून पाहावं तसं वाटत होतं, अन् नाही बी म्हणता येत नव्हतं.

"पाळी कई आली तिले?"

"सातवीत."

"कोणं सांगतलं तिले? म्हणजे काय असते, कसं असते ते?"

"मी."

"काय सांगतलं?"

मी खोटं बोलू शकली असती. "कपडा घे अन् कोणाजवळ बोलू नको म्हटलं."

रंजीता बोलली, ते बी माझ्याकडे न पाहता. "म्हणूनच महिनाभर बोलली नसंल ती."

"बोलली," मी म्हटलं. "बोलली होती. मी ओवा दिला."

कंडक्टर आला, तिकीट मागून गेला. रंजीतानं पिशवी मांडीवर घट्ट धरली.

"मी सही करीन आत्याबाई," ती म्हणे. "पण तिले विचारल्याबिगर नाही करणार. माझं लग्न भावानं ठरवलं, पोरगी कुठी राहीन ते तुमी ठरवलं. मले कोणीच विचारलं नाही. तिच्या अंगाचं तरी तिले विचारू."

दुसऱ्या कोणी हे म्हटलं असतं तर मी एसटी थांबवून त्याले खाली उतरवलं असतं. मी खिडकीची काच वर केली. वारा येत होता म्हणून केली, दुसरं काही नाही.

दवाखान्यात पोचलो तई स्नेहा खाटेवर पाय दुमडून पडली होती अन् मेहरबी तिच्या हातात हिरव्या बांगड्या भरून राह्यली होती.

"ऑपरेशनले काढा लागतीन त्या," मी म्हटलं.

"काढू ना. तोवर तिचं मन लागून राह्यलं," मेहरबी म्हणे, अन् रंजीताले पाहून उठली. "ये बेटी. बस. मी चहा आणते." चहा आणते म्हणून गेली अन् दारातच उभी राहिली, मले माहीत होतं.

रंजीता खाटेजवळ गेली. बसली नाही. पोरीकडे पाहत राहिली. स्नेहा बी पाहत होती. माझ्याच घरात वाढलेली पोरगी, पण त्या दोघींची कपाळं सारखी आहेत हे मले त्या दिवशी दिसलं. म्हणजे आधी बी दिसत होतं, मी पाहत नव्हती.

"लय दुखते काय?" रंजीतानं विचारलं.

"मधात मधात." मग स्नेहानं सरळच विचारलं. आमच्या घरची जीभ आहे ती. "तू मले काहून टाकून गेली?"

रंजीतानं माझ्याकडे नजर बी टाकली नाही. खाटेच्या दांडीवरचा रंग नखानं खरडत म्हणे, "तई तसंच होतं बाई. जमलं नाही."

खरं सांगते, मले सुटल्यासारखं वाटलं. तिनं माझं झाकलं होतं. मी चूप राहिली असती तर सही झाली असती, ती तिच्या घरी गेली असती अन् मी पोरगी घेऊन रिठदले. पण स्नेहाचं तोंड पाहिलं मी. "जमलं नाही" हे ऐकून ते तोंड बंद झालं होतं. उद्या तिचं पोट उघडणार होते अन् ती हे असं मन घेऊन आत जाणार होती, की मायले जमलं नाही.

"तिनं टाकलं नाही तुले," मी म्हटलं. "मी ठेवून घेतलं. ती दोनदा आली होती. मी फाटकातून परत पाठवली."

दारातल्या मेहरबीच्या बांगड्या बी वाजेनात.

"तू तर म्हणत होती..."

"खोटं सांगत होती."

"बारा वर्षं?"

"बारा वर्षं."

स्नेहानं भिंतीकडे तोंड फिरवलं. तिच्या पाठीवर हात ठेवावा असं मले वाटलं, पण तो हात ठेवायची आता मले लाज वाटली. रंजीतानं बी ठेवला नाही. दोघी तशाच उभ्या राहिलो, दोन खांबांसारख्या.

नाजिश मॅडम आली ती कागद घेऊन. रंजीताचं आधार पाहिलं, नाव लिहून घेतलं. मग खुर्ची ओढून स्नेहाच्या तोंडाच्या बाजूले, भिंतीकडून जाऊन बसली.

"आईची सही कायद्याला पाहिजे," म्हणे. "तुझं हो मला पाहिजे. खाली एक ओळ मी तुझ्यासाठी सोडली आहे. विचारायचं असेल ते विचार."

"मॅडम, एवढं लिहा त्यात," मी म्हटलं, "की गाठ काढा पण अंडाशयाले हात लावू नका. उद्या पाहुणे येतीन पोरीले पाह्यले—"

"आजी," स्नेहा म्हणे, भिंतीकडेच तोंड करून, "त्या पाहुण्याले माह्या फोटोसंगं सोनोग्राफी बी पाठवून दे."

मॅडमनं तोंडावर हात ठेवला. रंजीताले हसू आलं अन् तिनं ते पदरात घातलं. मी आमच्या घरात एवढी उघडी कधी पडली नव्हती.

स्नेहा उठून बसली. एका हातानं पोट धरलं. तिनं विचारलं, अंडाशय ठेवलं अन् आत खराब निघालं तर पुन्हा कापा लागन काय. मॅडम म्हणे, लागू शकते. तिनं विचारलं, परीक्षा फेब्रुवारीत आहे, बसता येईन काय. मॅडम म्हणे, आरामात. तिनं आणखी एक विचारलं, ते कानाजवळ जाऊन विचारलं, आम्हाले ऐकू आलं नाही. मॅडमनं बी कानातच सांगतलं. मले तिथी उभं राहणं जड गेलं. त्या पोरीच्या अंगावरचा एक-एक तीळ मले माहीत, अन् मले ऐकू न येणारं तिच्याजवळ काही आहे, हे मी कधी मानलंच नव्हतं.

"गाठ काढा," शेवटी स्नेहा म्हणे. "अंडाशय वाचत असंल तर वाचवा. नसंल वाचत तर काढून टाका, तिथी थांबून बाहेर कोणाले विचारू नका. अन् मी शुद्धीवर आली की काय झालं ते पहिले मले सांगा. घरच्यांले नाही."

"बरं," मॅडम म्हणे.

"आजीले बी नाही. ती डोळे दाखवन तुमाले."

"मला सवय आहे," मॅडम म्हणे. "वडिलांच्या दुकानात बसायचे मी लहानपणी. तिथे आजी यायच्या ना."

स्नेहानं खालच्या ओळीवर सही केली. मग रंजीतानं वर केली, हळूहळू, दात ओठावर दाबून. माझी सही त्या कागदावर कुठीच नव्हती. पेन फिरून टोपणात गेला तरी माझी नजर त्याच्यावरच होती.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तिले आत नेलं. आम्ही तिघी बाकावर. रंजीता मधात बसली. मेहरबी ओठ हलवत दुआ मागत होती, रंजीतानं डोळे मिटून घेतले होते, अन् मी समोरच्या दाराकडे पाहत होती, जसं काही माझ्या धाकानं ते लवकर उघडन.

दीड तासानं मॅडम बाहेर आली. डोक्याची टोपी काढली. "चांगलं झालं ऑपरेशन. मुलगी बरी आहे. घाबरायचं काही नाही."

"अन् ते?" मी विचारलं.

"ते तिला आधी सांगणार आहे आजी."

मी डोळे दाखवले. खरंच दाखवले, सवयच ती. मॅडम उभीच राहिली. वहाब शेठ बी असाच होता, भाव एकदा सांगतला की हलायचा नाही. मी डोळे खाली केले.

बसून राहणं काय असते ते मले त्या दुपारी कळलं. घरातली प्रत्येक गोष्ट मले पहिले कळत आली. धम्मपालच्या बायकोचा पाय जड झाला ते तिच्याआधी मले कळलं होतं. अन् आता एका दारापलीकडे माझ्या पोरीच्या पोटातली गोष्ट होती अन् ती ऐकायच्या रांगेत मी होती. राग आला, खूप आला. मग तो राग बी बसून-बसून दमला. वाटलं, पोरगी शुद्धीवर येऊन पहिले स्वतःचं ऐकून राह्यली असंल आत्ता. एकटी ऐकून राह्यली असंल. तिच्या वयात मले कोणी काही सांगतलं नाही. दोन लेकरं पोटातच गेली माझी, ती काहून गेली ते सासूले सांगतलं होतं सुइणीनं. मले आजवर माहीत नाही.

चार वाजता निता सिस्टर बाहेर आली. "स्नेहाजवळ एकालाच सोडते. कोण येतं?"

रंजीता उठली अन् लगेच बसली. माझ्याकडे पाहू लागली. मेहरबी बी माझ्याकडे पाहू लागली. सगळ्यांले वाटत होतं की मी उठीन.

"तिलेच विचारून ये," मी सिस्टरले म्हटलं.

सिस्टर आत गेली, आली. "आईला पाठवा म्हणते."

रंजीता उठली. दारापर्यंत गेली अन् तिचे पायच उचलेनात. बारा वर्षांनी पोरीच्या उशाशी बसायचं तर कुठून सुरुवात करावी तिले समजत नव्हतं, ते मले दिसलं.

"उजव्या कुशीवर झोपते ती," मी म्हटलं. "आता टाके आहेत, सरळच ठेवतीन, तर हात कानाखाली घ्यायले पाहन. घेऊ दे. ओढून काढू नको, चिडते. पाणी मागन, देऊ नको, ओठ ओले कर फक्त. अन् बोलली नाही तर तू बी बोलू नको. जवळ बसलेलं तिले पुरते."

रंजीतानं मान हलवली अन् आत गेली.

मेहरबी माझ्याजवळ सरकली. बारीक आवाज करून नाक ओढलं, बस.

अर्ध्या तासानं रंजीता बाहेर आली. डोळे लाल, पण तोंड हलकं झालं होतं. मी विचारलं नाही. जिभेच्या टोकावर होतं, दातांनी धरून ठेवलं.

"तुमाले बोलावते," ती म्हणे. "म्हणे आजीले मी सांगते."

मी आत गेली. पोरगी हळदीसारखी पिवळी झाली होती. हात कानाखालीच होता. मी खुर्चीवर बसली. ती पाहत होती, मी कई विचारते म्हणून. मी तिच्या पायावरची चादर नीट केली. खिडकीतून ऊन येत होतं, ते तिच्या डोळ्यावर नको म्हणून पडदा ओढला. मग पुन्हा बसली.

"विचारत नाही काय?" तिनं विचारलं. आवाज बसला होता.

"तुह्या मनानं सांग. नाही सांगतलं तरी मी इथीच आहे."

तिनं छताकडे नजर नेली. "मी रागावली आहे तुह्यावर."

"राहा. मी कुठी पळून जाते?"

"लय दिवस राहीन."

"राहा ना बापा. भाकर तर खाशीन ना त्यात?"

तिच्या ओठाचा एक कोपरा हलला, टाके दुखले तशी लगेच थांबली. मग तिनं कानाखालचा हात काढला, माझं मनगट धरून मले खाली वाकवलं अन् कानात सांगतलं.

बाहेर आली तर मेहरबी उभीच होती. "काय झालं? वाचलं का गेलं?"

रंजीताले माहीत होतं, मले माहीत होतं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"तिच्या पोटातलं आहे," मी म्हटलं. "तिले वाटलं तर सांगन तुले."